अठ्ठ्याहत्तर मीटर खडकात

माझ्या वहिनीला ‘जरा समजून घ्या’ असं कुणी म्हटलेलं खपत नाही. ‘समजून घ्यायचं तर पुरतं घेईन, जरा कशाला?’ असं ती विचारते, आणि समोरच्याला पुरतं समजावता आलं नाही तर त्याची खैर नसते. या स्वभावापायी तिने शाळेत छड्या खाल्ल्या, सासरी बोलणी खाल्ली आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी हातची नोकरी जवळजवळ घालवली. त्या शेवटच्या प्रकरणात माझा हात होता, म्हणून ते मीच सांगितलं पाहिजे.

वहिनी खाणीच्या तोंडाशी इंजिन चालवते. जमिनीत तीनशे बारा मीटर खोल अशी एक उभी विहीर आहे आणि तिच्यातून माणसांनी भरलेला लोखंडी पिंजरा खाली-वर जातो. त्याचा दोर इंजिनघरातल्या भल्यामोठ्या ड्रमवर गुंडाळलेला असतो. वहिनी खुर्चीत बसते, दोन्ही हात दोन दांड्यांवर, समोर एक काटा, कानाशी घंटा. पिंजरा तिला कधीच दिसत नाही. ड्रमच्या कडेला तिने स्वतः पांढऱ्या रंगाचा एक पट्टा ओढून घेतलाय. तो पट्टा पंचविसाव्यांदा वर आला की पिंजरा तळाला टेकलेला असतो. एका फेऱ्यात किती दोर सुटतो हे तिने पहिल्याच महिन्यात टेप लावून मोजलं होतं. तिला कुणी मोजायला सांगितलं नव्हतं.

इंजिन चालू असताना तिच्याशी बोलायचं नाही, असा नियम आहे. एकदा मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन आले आणि मागून म्हणाले, ‘‘काय बाई, कसं काय चाललंय?’’ वहिनीने मानही वळवली नाही. पिंजरा टेकला, घंटा झाली, मग ती वळली. ‘‘आता विचारा. मघाशी तुम्हाला उत्तर दिलं असतं, तर नंतर चौदा घरांत उत्तरं द्यावी लागली असती.’’ साहेबांनी पाहुण्यांना दुसरीकडे नेलं.

मी तिचा धाकटा दीर, त्याच खाणीत फिटर. पंप, पट्टे, पुल्या, जे बंद पडेल ते चालू करायचं. दादाचं, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याचं, इस्त्रीचं दुकान आहे. आमच्या घरात गरम डोक्याची बाई आणि गरम इस्त्रीचा पुरुष, आणि तरी भांडण झालं तर माघार नेहमी दादाच घेतो.

तीन वर्षांपूर्वी वरच्या श्रेणीच्या परवान्यासाठी वहिनीने संध्याकाळच्या तांत्रिक वर्गात नाव घातलं. तिथे गणिताला एक मास्तर होते. बारीक अंगाचे, खडूने बाह्या पांढऱ्या झालेले, आणि आवाज इतका हळू की पहिल्या बाकावर बसल्याशिवाय ऐकूच येत नसे. वहिनी पहिल्याच बाकावर बसायची. बाकीची पोरं विशी-बाविशीतली. मास्तरांनी कॅल्क्युलस सुरू केलं आणि फळ्यावर उदाहरण लिहिलं: भिंतीला टेकवलेली शिडी घसरते आहे, तर तिचं वरचं टोक किती वेगाने खाली येईल?

वहिनीने हात वर केला. ‘‘शिडी घसरतेय तर आधी ती धरा की. गणित कसलं करत बसता?’’

वर्ग हसला. मास्तरही हसले, आणि दुसरं उदाहरण दिलं. मनोऱ्यावरून दगड टाकला. वहिनी म्हणाली, ‘‘कुणी टाकला? आणि खाली माणसं असली तर?’’ तिसऱ्या वेळेला मास्तरांनी खडू खाली ठेवला. ‘‘बाई, तुम्ही दिवसभर काय करता?’’

‘‘माणसं खाली सोडते. वर ओढते.’’

‘‘मग तेच उदाहरण घेऊ.’’

त्या संध्याकाळी मास्तरांनी फळ्यावर पिंजऱ्याच्या वेगाची रेघ काढली. सुरुवातीला चढत गेलेली, मध्ये सपाट, शेवटी उतरत शून्याला आलेली. ही रेघ जिथे जितकी तिरकी, तितक्या झपाट्याने तिथे वेग वाढतो किंवा कमी होतो, असं त्यांनी सांगितलं. आणि रेघेच्या खाली जी जागा सापडते, ती जागा म्हणजे पिंजऱ्याने कापलेलं अंतर. वहिनीने विचारलं, ‘‘का?’’ मास्तर म्हणाले, काकडीचे करतो तसे या जागेचे उभे काप करा. काप इतका पातळ, की तेवढ्या वेळात वेग बदलला-न बदलला सारखंच. त्या कापाची उंची म्हणजे वेग, रुंदी म्हणजे वेळ, दोन्हींचा गुणाकार म्हणजे तेवढ्या वेळात कापलेलं अंतर. सगळे काप एकत्र केले की सगळा रस्ता. काप जितके पातळ, तितका हिशेब पक्का.

वहिनी घरी आली ती न जेवताच दादाला काकडी चिरून दाखवायला लागली. दादाने ऐकता ऐकता अर्धी काकडी खाल्ली. ‘‘आता रस्ता कमी भरेल हं,’’ असं म्हणून तिने त्याच्या हातावर चापट मारली. परीक्षेत ती वर्गात तिसरी आली. पहिली का आले नाही, हे विचारायला ती मास्तरांच्या घरी गेली होती.

आता माझ्याबद्दल. यंदा एका सकाळी मी पहिल्या पाळीच्या माणसांबरोबर खाली जात होतो. पिंजरा तळाला टेकला, दार उघडलं, मी पाऊल टाकलं आणि घसरलो. उजवं मनगट मोडलं. माझ्या बुटाच्या तळव्याला आदल्या दिवशीचं ग्रीस होतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पिंजऱ्याला हिसका बसला होता का? रोज बसतो तेवढा.

पण खाणीत माणूस जखमी झाला की चौकशी होते. मुख्य कार्यालयातून एक अधिकारी आले. सोनेरी काड्यांचा चष्मा, बोलणं मऊ. त्यांनी इंजिनघरातल्या पेटीतला कागद काढला. काचेच्या कुलूपबंद पेटीत एक यंत्र असतं. सरकत्या कागदावर त्याची लेखणी पिंजऱ्याचा वेग काढत जाते. अपघात झाल्याशिवाय तो कागद कुणी बघत नाही, गुंडाळ्या करून कपाटात पडतात. यंत्र तीन आठवड्यांपूर्वी बंद पडलं होतं. तेव्हा मलाच बोलावलं होतं, आणि दहा मिनिटांत चालू करून दिलं म्हणून माझी पाठही थोपटली गेली होती.

कागदावर लेखणी सेकंदाला साडेसात मीटरवर गेली होती. माणसं आत असताना मर्यादा साडेसहाची. या साहेबांनी मागचे कागदही काढले. तीन आठवडे रोज साडेसात. बाकी दोन पाळ्या नुसता माल ओढतात, त्यांना मर्यादा मोठी असते, म्हणून ते कागद त्यांनी बाजूला सारले. राहिली एकटी वहिनी.

मला दवाखान्यातच जबाब विचारला. ‘‘पिंजरा वेगात होता?’’ मी म्हटलं, नेहमीसारखाच वाटला. साहेबांनी कागद माझ्यापुढे धरला. ‘‘हे यंत्र आहे. यंत्राला कुणाशी नातं नसतं. तुम्हाला वाटलं ते खरं, की हे?’’ मी त्या रेघेकडे बघितलं. इतकी सरळ, इतकी स्वच्छ रेघ. मला वाटलं, असेलही, आपल्याला काय कळतंय. आणि खरं सांगायचं तर ग्रीसची गोष्ट झाकली जातेय याचं मला बरं वाटलं. डाव्या हाताने मी सही ठोकली: पिंजरा प्रमाणाबाहेर वेगात होता, हिसका बसून पडलो.

चार दिवसांनी वहिनीचं काम काढून घेतलं. चौकशी पूर्ण होईपर्यंत इंजिनघरात पाऊल टाकायचं नाही, दोष सिद्ध झाला तर परवाना रद्द. परवाना गेला की कुठल्याही खाणीत खुर्ची मिळत नाही. नोटिशीबरोबर त्या कागदाची झेरॉक्स होती, आणि माझ्या जबाबाची.

रविवारी मी दादाच्या घरी गेलो. दार वहिनीने उघडलं. मी बूट काढायला वाकलो.

‘‘राहू द्या भाऊजी, काढू नका,’’ ती म्हणाली. ‘‘लगेच जायचंय तुम्हाला.’’

आतून दादाचा आवाज आला, ‘‘कोण आहे?’’

‘‘कुणी नाही. खाणीचा साक्षीदार.’’

दार लागलं. मी जिन्यात उभा राहिलो. लाज वाटली आणि त्याहून जास्त राग आला, आणि कुणाचा राग येतोय ते कळेना.

पुढचं दादाने मला नंतर सांगितलं. वहिनी दोन दिवस नुसती धुमसत होती. ‘‘बासष्ट सेकंदांत तीनशे बारा मीटर! सेकंदाला पाच झाले! पहिलीतलं पोरगंही सांगेल!’’ असं तिने साहेबांना फोनवर सुनावलं होतं. साहेब म्हणाले, ‘‘बाई, ती सरासरी झाली. सुरुवातीला आणि शेवटी तुम्ही हळू गेलात, मध्ये भरधाव गेलात. मला त्या मधल्या क्षणाचा वेग हवा आहे, आणि तो कागदावर आहे. जरा समजून घ्या.’’

वहिनीने फोन ठेवला. तिसऱ्या दिवशी दुपारी ती झेरॉक्स टेबलावर पसरून बसली. कागदावर बारीक चौकोन छापलेले होते. एक चौकोन आडवा दोन सेकंदांचा, उभा अर्ध्या मीटरच्या वेगाचा. तिने दोन्हींचा गुणाकार केला आणि खुर्चीतून उठून उभी राहिली. दोन सेकंद गुणिले सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे एक मीटर. कागदावरचा एक चौकोन म्हणजे विहिरीतला एक मीटर.

‘‘अहो, दुकान बंद करा,’’ ती दादाला म्हणाली. ‘‘चौकोन मोजायचेत.’’

दोघांनी मोजले. पुरे चौकोन वहिनीने, रेघेने तिरके कापलेले अर्धेमुर्धे दादाने. रेघेखाली भरले तीनशे नव्वद. पुन्हा मोजले, तीनशे एक्याण्णव. तिसऱ्यांदा पुन्हा तीनशे नव्वद. दादा म्हणाला, ‘‘पण विहीर तर तीनशे बाराची.’’ वहिनी हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा हसली, असं दादा सांगतो.

तशीच ती कागद घेऊन मास्तरांकडे गेली. म्हणाली, ‘‘मास्तर, तुम्ही साहेब व्हा. मला खोटं पाडा.’’ मास्तरांनी त्यांच्या त्या हळू आवाजात तिला दोन तास पिडलं. शेवटी विचारलं, ‘‘कशावरून वेग खोटा? कागदच जास्त भरभर सरकला असेल. मग सेकंद जास्त दिसतील आणि चौकोन वाढतील.’’ वहिनी तो प्रश्न घेऊनच घरी आली.  दुसऱ्या दिवशी सकाळी चहा उतू गेला तरी तिला कळलं नाही, आणि मग तिने एकदम टेबलावर हात आपटला.

चौकशीच्या दिवशी आम्ही सगळे कार्यालयातल्या लांब टेबलाभोवती बसलो. साहेब, एक टंकलेखक, वहिनी, आणि गळ्यात हात अडकवलेला मी. दादा बाहेरच्या बाकावर होता. माझ्याशी तो बोलत नव्हता.

साहेबांनी माझा जबाब वाचला आणि कागद टेबलावर ठेवला. ‘‘काही म्हणायचंय?’’

‘‘आधी ब्रेकचं बोलते,’’ वहिनी म्हणाली. ‘‘मी हिसका दिला, असं लिहिलंय ना? तुमच्याच कागदावर शेवटचा उतार बघा. साडेसातवरून शून्यावर यायला दहा सेकंद. म्हणजे दर सेकंदाला पाऊण मीटरने वेग कमी. नियमात एक मीटरपर्यंत चालतं. तुमचा कागद खरा धरला, तरी हिसका नाही.’’

साहेबांनी चष्मा सारखा केला. ‘‘ठीक. पण वेग?’’

‘‘हा कागद खरा, असं तुमचं म्हणणं?’’

‘‘यंत्राला खोटं बोलता येत नाही, बाई.’’

‘‘मग रेघेखालचे चौकोन मोजा. एक चौकोन एक मीटर. मी तीनदा मोजलेत, तुम्ही एकदा मोजा. मला घाई नाही, मला कामावरून काढलंय.’’

टंकलेखक खाली बघून हसला. साहेबांनी मोजायला सुरुवात केली. खोलीत वीस मिनिटं पेन्सिलचा आवाज होता. ‘‘तीनशे एकोणनव्वद,’’ ते म्हणाले. ‘‘साधारण.’’

‘‘आणि विहीर किती खोल?’’

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

‘‘तीनशे बारा,’’ वहिनी म्हणाली. ‘‘ड्रमचे फेरे पंचवीस, फेऱ्याला बारा मीटर अठ्ठेचाळीस सेंटिमीटर. तुमच्या नकाशावरही तेच आहे. म्हणजे या कागदाप्रमाणे मी त्या दिवशी पिंजरा तळ फोडून आणखी अठ्ठ्याहत्तर मीटर खडकात नेला, चौदा माणसांसकट. आणि माणसं तिथे उतरून कामाला लागली. हे साक्षीदार बसलेत ना, त्यांनाच विचारा. भाऊजी, मनगट मोडलं तेव्हा तुम्ही खडकात होतात का?’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो. 

साहेब पटकन म्हणाले, ‘‘कागद जास्त वेगाने सरकला असेल. वेळ चुकली असेल.’’

‘‘हे मास्तरांनी मला आधीच विचारलंय,’’ वहिनी म्हणाली, आणि मला वाटलं, आता ही टाळी मागतेय की काय. ‘‘त्याच कागदावर पाळी सुरू झाल्याची खूण आहे आणि संपल्याची. मोजा. आठ तासांची पाळी कागदावर आठ तासच भरते. वेळ बरोबर, खोली बरोबर. राहिला एकटा वेग. तीनशे नव्वदला तीनशे बाराने भागा, सव्वा येतं. तुमची लेखणी प्रत्येक क्षणाला सव्वापट दाखवतेय. साडेसातला सव्वाने भागा.’’

टंकलेखकच म्हणाला, ‘‘सहा.’’

‘‘सहा. मी सहानेच जाते. सहा वर्षं सहानेच जातेय.’’ तिचा आवाज आता चढला होता. ‘‘ती पेटी उघडा. मला तिच्याजवळ जायची बंदी आहे, मी आतलं काही बघितलेलं नाही. पण आत्ता सांगते. आत कुठलं तरी चाक आहे, ते जेवढं पाहिजे त्याच्या चार पंचमांश आहे. दहाचं पाहिजे तिथे आठचं असेल. नसलं तर परवाना इथेच फाडून देते.’’

दहाचं पाहिजे तिथे आठचं.  भांडारातला माणूस आठवला. ‘दहा सेंटिमीटरची पुली संपलीय, महिन्याने येईल. आठची आहे, देऊ?’ आणि मी म्हणालो होतो, ‘दे, पट्टा बसतोय ना, मग झालं.’ पट्टा बसला. लेखणी हलली. मी पेटीला कुलूप लावलं होतं. लहान पुली जास्त फिरते हे फिटरला शिकवावं लागत नाही. मी विचारच केला नव्हता. त्या दहा मिनिटांसाठी माझी पाठ थोपटली गेली होती.

साहेब म्हणाले, ‘‘पेटी उघडायला वरची परवानगी लागेल. त्यापेक्षा आपण असं करू, नुसती लेखी ताकीद देऊ आणि प्रकरण मिटवू. बाई, तुम्ही उद्यापासून कामावर या. जरा समजून…’’

‘‘पेटी उघडायची गरज नाही,’’ मी उभा राहिलो. ‘‘पुली आठची आहे. मी बसवली. आणि मी घसरलो ते माझ्या बुटाच्या ग्रीसने. हिसका नव्हता. जबाब खोटा आहे, मी सही केलीय, मी मागे घेतो. माझ्यावर काय करायचं ते करा.’’

वहिनीने माझ्याकडे बघितलंच नाही. ती साहेबांकडे बघत होती. ‘‘ताकीद कसली?’’ ती म्हणाली. ‘‘चूक केली त्याला ताकीद देतात. मी ताकीद घेऊन कामावर येणार नाही आणि ताकीद न घेता घरीही बसणार नाही. पेटी उघडा, पुली मोजा, आणि लिहा: चालक मर्यादेत होती, यंत्र चुकीचं होतं. चौकोनांचा हिशेब खाली जोडा. सही, शिक्का. मग मी उठते.’’

‘‘तांत्रिक कारणास्तव प्रकरण बंद, असं लिहिलं तर…’’

‘‘नाही. ते कुणाबद्दलही लिहिता येतं.’’

दुपारी तीन वाजता पेटी उघडली. पुली आठ सेंटिमीटरची. तिच्या कडेवर कानशीने मारलेली माझी खूण होती, मी बसवलेल्या प्रत्येक चाकावर असते तशी. संध्याकाळी पाच वाजता वहिनीच्या म्हणण्याप्रमाणे कागद टंकून झाला. तिने तो दोनदा वाचला, दुसऱ्या ओळीतली एक चूक दुरुस्त करून घेतली, आणि मग उठली. ताकीद मला मिळाली. ती मला मिळायलाच हवी होती.

मनगट जुळायला दीड महिना गेला. कामावर परतलो त्या सकाळी मी आधी इंजिनघरात गेलो. ड्रम फिरत होता. पांढरा पट्टा वर यायचा, खाली जायचा. मी दाराशी गप्प उभा राहिलो आणि मनात फेरे मोजले. पंचविसाव्याला ड्रम थांबला, घंटा झाली, वहिनी वळली.

‘‘वहिनी,’’ मी म्हणालो, ‘‘माझं चुकलं. जरा सम…’’ आणि तो शब्द मी तिथेच गिळला.

तिने हात दांड्यांवरून काढून घेतले. ‘‘जरा नाही. पुरतं सांगा. कुठली पुली, भांडारात काय बोलणं झालं, दवाखान्यात साहेबांनी काय विचारलं, सही करताना तुमच्या मनात काय होतं. काही गाळायचं नाही. लिहून आणा, मी वाचेन. मग बघू चहाचं.’’

लिहून आणलं ते हे. यात चुका असतील तर ती काढेलच.

त्या सकाळी ती हे बोलली तेवढ्यात विहिरीच्या तोंडाकडून घंटा झाली. माणसं चढायला उभी होती, मलाही त्यांच्याबरोबर खाली जायचं होतं. वहिनीने दोन्ही हात दांड्यांवर ठेवले आणि समोर बघत म्हणाली, ‘‘भाऊजी, बूट पुसून चढा.’’